नाका, झडती आणि संमति

रस्ता सर्वांचा, असें सहज म्हटलें जातें. परंतु त्याच रस्त्यावर उभें राहून वाटसरूस ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार कोणत्याही काळीं सर्वांचा नव्हता. तो अधिकार कोणाचा, कोणत्या कारणासाठीं आणि कोठपर्यंत, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांनीं निरनिराळीं दिलीं आहेत. पनवेल तालुक्यांतील रोडपाली हें गांव ह्या प्रश्नाच्या विचारास मोठें सोयीचें आहे. हें जुनें खेडें आतां कळंबोलीच्या वसाहतींत मिसळून गेलें आहे. जवळच मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गाचें तोंड आहे. मुंबईहून येणारा शीव-पनवेल रस्ता, जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा जड वाहतुकीचा रस्ता आणि कोकणांत उतरणारा राजमार्ग हे सर्व पनवेलच्या ह्याच परिसरांत एकमेकांस मिळतात. अशा प्रदेशांत पोलिसांची नाकाबंदी ही नवलाची गोष्ट नव्हे. रात्रीं रस्त्यावर लोखंडी अडथळे मांडले जातात, मोटार थांबते, विजेरीचा झोत आंत पडतो आणि एक लहानसें वाक्य उच्चारलें जातें: ‘जरा डिकी उघडा.’

हें वाक्य विनंति आहे कीं हुकूम? मराठी भाषेंत आदरार्थी आज्ञार्थाचें रूप दोहोंसाठीं एकच आहे. यजमान पाहुण्यास ‘बसा’ म्हणतो आणि कचेरींतला अंमलदार अर्जदारासही ‘बसा’ म्हणतो. पहिलें आर्जव असतें, दुसरी आज्ञा असते, आणि कोणतें काय हें ऐकणाऱ्यानें प्रसंगावरून ओळखावयाचें असतें. घरगुती व्यवहारांत ही संदिग्धता गोड वाटते. परंतु खाकी पोषाख, काळोख आणि मागें लागलेली वाहनांची रांग असतांना मोटारवाल्यानें डिकी उघडली, तर ती त्यानें आज्ञा म्हणून उघडली कीं आपखुशीनें, ह्याचा निर्णय कोणी करावयाचा? ह्या प्रश्नाच्या मागें जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे.

नाका हा मूळचा पैशाचा. मराठेशाहींत घाटांच्या तोंडीं, नद्यांच्या उतारांवर आणि बंदरांत जकातीच्या चौक्या असत. घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल पनवेलच्या खाडींत होड्यांवर चढे आणि मुंबईस जाई. ज्यास जकात माफ असे त्याच्याजवळ दस्तक असे. दस्तक दाखविलें कीं वाट मोकळी. ‘झडती’ हा शब्ददेखील जुन्या दप्तरांत हिशेबाच्या तपासणीच्या अर्थानें आढळतो. मालाचा हिशेब आणि माणसाविषयींचा संशय हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत शेजारीं शेजारीं नांदत आले आहेत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

कंपनी सरकारनें ह्या चौक्या प्रथम तशाच चालविल्या. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटाचा रस्ता चाकांच्या गाड्यांस खुला झाला आणि पनवेलच्या वाटेवरील वाहतुकीचें स्वरूपच पालटूं लागलें. त्याच सुमारास चार्ल्स ट्रेव्हेलियन ह्या तरुण अधिकाऱ्यानें बंगाल इलाख्यांतील अंतर्गत जकातींवर एक प्रसिद्ध अहवाल लिहिला. त्याचें तात्पर्य असें कीं, चौकीवरच्या अल्पवेतनी माणसाच्या हातीं झडतीचा अधिकार दिला म्हणजे सरकारास महसूल थोडा आणि व्यापाऱ्यास जाच फार होतो. झडती घेण्याची गरजच पडत नाहीं. झडतीचा धाक पुरतो. गोणी सोडावयास लावून माल उन्हापावसांत ताटकळत ठेवण्यापेक्षां चार पैसे देऊन सुटावें असेंच व्यापाऱ्यास वाटतें. बंगालमधील ह्या जकाती १८३६ सालीं उठल्या. मुंबई इलाख्यांतही त्यापाठोपाठ अंतर्गत जकाती गेल्या आणि ती तूट भरून काढण्यास १८३७ सालीं मिठावरचा कर आला.

मिठाच्या कराबरोबर नाक्याचा दुसरा अवतार सुरू झाला. पहिला नाका मालावर पैसे घेई. दुसरा नाका बंदी असलेला माल शोधूं लागला. पनवेल, पेण आणि उरण ह्या भागांत मिठागरें होतीं; तेथून कर चुकवून मीठ बाहेर जाऊं नये म्हणून मीठखात्याचे शिपाई पाळत ठेवीत. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध घातले, कारण त्या फुलांपासून घरोघर दारू निघे. अशा रीतीनें जो जिन्नस सरकारनें निषिद्ध ठरविला त्याच्यासाठीं एक स्वतंत्र कायदा, आणि त्या कायद्यांत गाडी अडवून पाहण्याचा एक स्वतंत्र अधिकार, अशी परंपरा पडली. ती आजही चालू आहे.

ह्या खास कायद्यांच्या शेजारीं फौजदारी प्रक्रियेचा सर्वसाधारण कायदा वाढत होता. पहिली संहिता १८६१ ची. पुढें १८९८ ची संहिता दीर्घकाळ टिकली. तिच्या १६५ व्या कलमांत, विशेषतः १९२३ च्या दुरुस्तीनंतर, वॉरंटावांचून झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर एक महत्त्वाचें बंधन आलें. झडती कां घ्यावयाची आणि कोणती वस्तु शोधावयाची, हें त्यानें अगोदर लेखी नोंदवावें. विलंब केल्यास ती वस्तु हातची जाईल अशी स्थिति असावी. नोंदीची नक्कल मॅजिस्ट्रेटाकडे जावी. आणि ज्याच्या जागेची झडती झाली त्यानें मागितल्यास ती त्यासही मिळावी. १९७३ च्या संहितेनें हें कलम उचललेंच. शिवाय ‘जागा’ ह्या शब्दाच्या व्याख्येंत घर, इमारत व तंबू यांच्याबरोबर वाहन आणि जहाज यांचाही स्पष्ट समावेश केला. म्हणजे संहितेच्या दृष्टीनें रोडपालीच्या वळणावर उभी असलेली मोटार आणि रोडपालींतलें घर हीं दोन्ही ‘जागा’च होत. घराची झडती घेण्यास जें कारण लागतें तेंच कारण मोटारीस लागतें.

हा मुद्दा सामान्यतः लक्षांत येत नाहीं. मोटार थांबविणें ही एक गोष्ट आणि मोटार उचकटून पाहणें ही दुसरी. थांबविण्याचा अधिकार विस्तृत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गणवेशांतील पोलीस अधिकाऱ्यानें मागितला असतां चालकानें परवाना दाखविलाच पाहिजे. दारू पिऊन गाडी हांकल्याचा वाजवी संशय असेल तर श्वासाची तपासणीही करतां येते. दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठीं हस्तक्षेप करणें हें तर पोलिसांचें कर्तव्यच आहे. परंतु सामान उलगडून पाहण्याचा सरसकट अधिकार वाहतुकीच्या कायद्यानें दिलेला नाहीं. त्यासाठीं एक तर संहितेंतील नोंदलेलें कारण पाहिजे, नाहींतर एखादा खास कायदा पाहिजे.

महाराष्ट्रांत असा सर्वांत परिचित खास कायदा म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. त्याच्या १२१ व्या कलमानें पोलीस अधिकाऱ्यास मादक पदार्थांच्या शोधासाठीं गाठोडें उघडण्याचा आणि वाहन थांबवून तपासण्याचा अधिकार दिला. सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालीं ह्या कायद्याचीं कांहीं कलमें रद्द ठरविलीं, पण त्याचा गाभा कायम राखला. पुढें दारूबंदी सैल झाली, परवाने आले, दुकानें उघडलीं. कायदा मात्र नांव बदलून राहिला. १९६२ चा सीमाशुल्क कायदा आणि १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा ह्यांतही वाहन थांबवून झडती घेण्याचीं कलमें आहेत. ह्या सर्वांत ‘संमति’ हा शब्द शोधूं गेल्यास वाहनाच्या झडतीपुरता तो सांपडत नाहीं. जेथें अधिकार आहे तेथें संमतीची गरज नाहीं. जेथें अधिकार नाहीं तेथें संमतीनें तो निर्माण होतो असें संहिता कोठेंही सांगत नाहीं.

इतर देशांचा इतिहास येथें पडताळून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेंत स्वातंत्र्ययुद्धापूर्वीं इंग्रज सरकारचे जकात अधिकारी सरसकट झडतीचे हुकूम घेऊन फिरत; १७६१ सालीं बॉस्टन येथें जेम्स ओटिस ह्या वकिलानें त्यांविरुद्ध केलेलें भाषण प्रसिद्ध आहे. त्या अनुभवांतून १७९१ सालीं अकारण झडतीस बंदी करणारी चौथी घटनादुरुस्ती झाली. पुढें त्या देशांतही दारूबंदी आली, आणि १९२५ सालीं कॅरोल खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, घर जाग्यावर राहतें, मोटार पळून जाते. म्हणून सबळ कारण असल्यास वॉरंटावांचून मोटारीची झडती घेतां येईल. १९७३ सालीं त्याच न्यायालयानें संमतीचा प्रश्न हाताळला. माणसानें आपखुशीनें झडतीस होकार दिला असेल तर ती वैध. आणि नकार देण्याचा हक्क आहे हें पोलिसांनीं त्यास अगोदर सांगितलेंच पाहिजे असें नाहीं, असा तो निकाल होता. मद्यपी चालक शोधण्यासाठीं घातलेले नाके १९९० सालीं त्यानें मान्य केले. परंतु सर्वसाधारण गुन्हे, विशेषतः अमली पदार्थ, शोधण्यासाठीं सर्वांनाच अडविणारा नाका २००० सालीं अमान्य केला.

इंग्लंडनें निराळी वाट धरली. तेथें १९८४ च्या पोलीस कायद्यानें रस्त्यावरील नाक्यास वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक केली आणि त्या परवानगीस सात दिवसांची मर्यादा घातली. २००३ सालीं तेथील नियमावलींत त्याहून महत्त्वाचा बदल झाला: झडतीचा कायदेशीर अधिकार नसेल तर माणसाची संमति असली तरी पोलिसांनीं त्याची अंगझडती घेऊं नये. रस्त्यावर पोलिसापुढें उभ्या असलेल्या माणसाच्या होकारावर फार विसंबूं नये, असाच ह्या नियमाचा अर्थ होतो.

भारताच्या घटनेंत अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखें कलम नाहीं. १९५४ सालीं एम. पी. शर्मा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनीं नेमकें ह्याच गोष्टीवर बोट ठेवलें. १९७३ सालीं पूरनमल खटल्यांत पांच न्यायाधीशांनीं असा निर्णय दिला कीं, झडती बेकायदा झाली तरी तींत सांपडलेला संबद्ध पुरावा केवळ तेवढ्यासाठीं बाद होत नाहीं. मुंबईंतील परदेशी शिक्क्याच्या सोन्याच्या एका खटल्यांतही १९७९ सालीं तेंच तत्त्व लागू झालें. त्यापूर्वीं साठीच्या दशकांत न्यायालयानें एवढें मात्र म्हटलें होतें कीं, नियम मोडून होणाऱ्या झडतीस माणूस विरोध करूं शकेल आणि अशा झडतींतला पुरावा न्यायालयें अधिक बारकाईनें तपासतील.

ह्या निकालांचा परिणाम दूरवर पोंचला. अमेरिकेंत संमति खोटी ठरली तर खटलाच कोसळतो. म्हणून तेथें संमतीवर शेंकडो निकाल झाले. येथें डिकी राजीखुशीनें उघडली होती कीं धाकानें, ह्यावर सहसा कांहींच अवलंबून नसतें, कारण सांपडलेली वस्तु पुरावा म्हणून उभी राहतेच. आणि ज्याच्या डिकींत कांहींच सांपडत नाहीं, त्याची झडती तर कोणत्याही न्यायालयापुढें कधींच येत नाहीं. आजारी वडिलांना घेऊन पनवेलच्या दवाखान्याकडे निघालेला माणूस, पहाटे बाजारास भाजी नेणारा टेंपोवाला, रात्रपाळीहून परतणारा कामगार, ह्यांच्या झडतीची नोंद कोठेंही राहत नाहीं. न्यायालयाचीं पुस्तकें दोषी माणसांच्या झडत्यांनीं भरलेलीं आहेत; निर्दोष माणसाची झडती इतिहासाच्या बाहेर राहते.

एका क्षेत्रांत मात्र न्यायालयानें पोलिसांच्या तोंडीं शब्द घातले आहेत. अमली पदार्थांच्या कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें अंगझडतीपूर्वीं माणसास राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमक्ष झडती मागण्याचा हक्क आहे. हा हक्क त्यास सांगितलाच पाहिजे, असें घटनापीठानें १९९९ सालीं आणि पुन्हा २०१० सालीं ठरविलें. परंतु २००५ सालच्या एका निकालानें हें संरक्षण अंगापुरतेंच आहे, पिशवीस तें लागू नाहीं, असें स्पष्ट केलें. म्हणजे चालकाच्या खिशासाठीं त्यास हक्काची जाणीव द्यावयाची, पण त्याच्या डिकीसाठीं नाहीं. पुढें २०१७ सालीं पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें एकमतानें सांगितलें आणि १९५४ च्या निकालांतील विरोधी भाग बाजूस सारला. ह्या हक्कांत हात घालावयाचा तर कायद्याचा आधार, न्याय्य हेतु आणि प्रमाणशीर उपाय हे तिन्ही पाहिजेत, हें तत्त्व त्या निकालानें दृढ झालें.

ह्यावर कोणी विचारील कीं, देशावर संकट असतां असल्या काटेकोरपणाची चैन परवडते काय? ह्याचें उत्तर रायगड जिल्ह्याच्या इतिहासांतच आहे, आणि तें कडू आहे. १९९३ च्या जानेवारींत दिघीच्या किनाऱ्यावर उतरविलेला चोरटा माल घेऊन निघालेल्या गाड्या श्रीवर्धनच्या बाजूस गोंडघर फाट्यावर पोलिसांनीं अडविल्या. नाका होता, पोलीस होते, थांबविण्याचा अधिकार होता आणि संशयास कारणही होतें. नव्हती ती झडती आणि तिची नोंद. पैशाची बोली झाली आणि गाड्या पुढें गेल्या. फेब्रुवारींत शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकें उतरलीं. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत स्फोटांची मालिका झाली. २५७ माणसें मृत्यु पावलीं. पुढें विशेष न्यायालयानें आणि २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ज्यांना दोषी धरलें, त्यांत पोलीस व सीमाशुल्क खात्यांतले लोकही होते. ट्रेव्हेलियननें चौकीविषयीं जें लिहिलें होतें तेंच दीडशें वर्षांहून अधिक काळानें कोकणच्या रस्त्यावर भयंकर स्वरूपांत खरें ठरलें: ज्या झडतीची नोंद करावी लागत नाहीं, ती विकतां येते.

ह्याच्या उलट दुसरा नाका गिरगांव चौपाटीचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं बिनतारी संदेशानें एका मोटारीची खबर आली आणि पोलिसांनीं तेथें रस्ता अडविला. मोटार थांबली, एक हल्लेखोर ठार झाला आणि दुसरा, अजमल कसाब, जिवंत हातीं लागला. त्याची बंदूक हातांनीं धरून ठेवणारे साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनीं प्राण दिले. २००९ सालीं त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण झालें. त्या नाक्यावर संमतीचा प्रश्नच नव्हता, कारण तेथें निश्चित माहिती होती, निश्चित वाहन होतें आणि निश्चित कारण होतें. कारण स्पष्ट असलें म्हणजे अधिकार बलवान होतो. कडक कायदा आणि सुरक्षितता ह्यांत विरोध आहे ही समजूत ह्या दोन नाक्यांच्या तुलनेंत टिकत नाहीं.

अलीकडच्या काळांत नाक्याच्या इतिहासांत दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. मानखुर्दसारख्या नाक्यांवरच्या मालमोटारींच्या रांगा ओसरल्या. पैशाचा जुना नाका अशा रीतीनें गेला आणि संशयाचा नाका उरला. दुसरी गोष्ट १ जुलै २०२४ ची. त्या दिवसापासून १९७३ च्या संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलांत आली. जुन्या १६५ व्या कलमाचें नवें रूप म्हणजे तिचें १८५ वें कलम. वाहन हें ‘जागा’च राहिलें, कारण लेखी नोंदविण्याचें बंधन राहिलें, नोंदीची नक्कल अठ्ठेचाळीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटाकडे गेली पाहिजे अशी मुदत पडली, आणि झडतीचें ध्वनिचित्रमुद्रण करण्याची आज्ञा झाली. त्यासाठीं खिशांतला मोबाइलही चालतो. गोंडघर फाट्यावर जें नव्हतें तें आज प्रत्येक शिपायाच्या खिशांत आहे. प्रश्न एवढाच कीं, तें बाहेर काढलें जाईल कीं नाहीं.

‘नाकाबंदी’ हा शब्द ह्या संहितेंत नाहीं, आणि ‘संमतीची झडती’ हाही नाहीं. ज्यांचें अस्तित्व कायद्याच्या अक्षरांत नाहीं अशा ह्या दोन गोष्टी रोज रात्रीं रस्त्यावर घडतात, त्या बहुतांशीं दोन्ही बाजूंच्या सौजन्यावर. तें सौजन्य मोलाचें आहे. कडाक्याच्या थंडींत किंवा कोसळत्या पावसांत रात्रभर उभ्या राहणाऱ्या पोलिसाशीं हुज्जत घालणें हा कांहीं नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. परंतु सौजन्य हें सौजन्य म्हणूनच राहावें. त्याचें रूपांतर मागाहून कागदावर ‘राजीखुशीनें’ ह्या शब्दांत होऊं नये. परवाना मागितला असतां तो तत्काळ दाखवावा. सामानाच्या झडतीची गोष्ट निघाली असतां ती कोणत्या कायद्यान्वयें आहे आणि तिची नोंद कोठें होत आहे, एवढें शांतपणें विचारणें हा उद्धटपणा नव्हे. ज्या अधिकाऱ्याजवळ खरें कारण आहे त्यास ह्या प्रश्नाचें उत्तर जड जाणार नाहीं.

पेशवाईंत कागद वाटसरूच्या हातीं असे. दस्तक नसलें तर तो अडे. १९२३ पासून कायद्यानें ती गोष्ट उलटी केली: वाटसरूचें सामान उघडावयाचें तर कागद आतां अडविणाऱ्याच्या हातीं असावा लागतो. घाटाच्या तोंडीं बसलेला चौकीदार गेला, गोणी गेल्या, होड्याही गेल्या. पण रोडपालीजवळून जाणाऱ्या मोटारीस थांबविणाऱ्यानें आपलें दस्तक जवळ ठेवावें, हा त्या शंभर वर्षांचा नियम आहे. तो पाळला जातो कीं नाहीं, हें त्या वळणावरून जाणाऱ्या निर्दोष माणसाच्या अनुभवावरूनच ठरेल.